मामांची न दिसणारी शाई

आमच्या मामांचा दिसणाऱ्या अक्षरांवर विश्वासच नव्हता. मिरजेत ते कंपाउंडर होते. औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी तेवढी दौतीतल्या शाईनं लिहायचे, बाकी सगळं कांद्याच्या नाहीतर लिंबाच्या रसानं, कधी दुधानं. कागद वाळला की कोरा. तव्यावर धरला की तपकिरी अक्षरं वर यायची. एकदा मामींना त्यांनी बाजाराची यादी अशीच दिली. मामींनी कोरा कागद वाण्यापुढं धरला, वाण्यानं मामींकडं बघितलं, आणि त्या दिवशी घरी नुसतं पिठलं झालं. आम्ही हसायचो खरे, पण अक्षरं उमटायला लागली की दरवेळी मी तव्यावर वाकून बघायचो.

माझी बहीण शालन शिराळ्याजवळ एका फौजीला दिली होती. सासरी वाचता येणारी ती एकटीच. नवऱ्याचं पत्र आलं की सोप्यात सगळ्यांसमोर तिनंच मोठ्यानं वाचायचं. मग तो बिचारा बायकोला लिहिणार काय? ऊस, म्हैस आणि सर्वांस नमस्कार. हे कळल्यावर मामांनी रजेवर आलेल्या जावयाला दिवसभर समोर बसवून विद्या शिकवली. त्यानंतर पत्रातल्या दोन ओळींमधली जागा वाढत गेली.

एकाहत्तरच्या लढाईत महिनाभर पत्र नव्हतं. आलं तेव्हा मी तिथंच होतो. शालननं वाचलं, खुशाल आहे. सासूनं देवापुढं साखर ठेवली. शालन चुलीपाशी गेली, मागोमाग मीही. तव्यावर अक्षरं उमटली: डावा पाय गुडघ्याखाली काढला, पुण्यात इस्पितळात आहे, आईला मी येऊन सांगेन. तिनं कागदाची घडी घातली आणि भाकरी थापायला घेतल्या.

मामा दर रविवारी पुणं गाठू लागले. शेवटी जावयाला कुबड्यांवर गावी आणलं तेही त्यांनीच. म्हातारीला कसं सांगायचं, ते एसटीत घोकत आले होते. ती दारातच म्हणाली, "मला ठावं हुतं, कायतरी झालंय. खुशालीचं पत्र आलं आन् पोरगी चार दिस जेवली न्हाई. जिता आला, बास झालं."

मामा पायरीवर बसले. आपली शाई तव्याशिवाय वाचणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच बघितली होती.

दोन वर्षांनी मामा गेले. तेराव्याला शालन माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, "दादा, हे आता घरातच असत्यात. माया लय करत्यात, पर बोलत न्हाईत. पत्रात लय बोलायचे."

मामा असते तर त्यांनी यावरही काहीतरी काढलं असतं.