वैशूसाठी धरलेला उपास

उपासानं देव पावतो की नाही, हे मला आजही सांगता येणार नाही. उपासानं यकृतावरची चरबी उतरते, एवढं मात्र मी स्वतःच्या शरीरावर पाहिलं आहे. हे सगळं घडल्यानंतर काही महिने मी दत्तमहाराजांवर जितका रागावलो होतो, तितका जन्मात कोणावर रागावलो नसेन. मंदिराच्या दारावरून तोंड फिरवून जात होतो. अशा माणसानं आध्यात्मिक अनुभव म्हणून काही लिहावं का, हा प्रश्न मलाही पडला. पण जे झालं त्याला दुसरं कोणतं नाव द्यावं हे मला सुचत नाही.

मी नागपूरला मनीषनगरात राहतो. सरकारी कचेरीत नोकरी, लग्न केलेलं नाही, आईवडील गेलेले. माझं म्हणावं असं एकच माणूस होतं, माझी धाकटी बहीण वैशाली. तिला आम्ही वैशू म्हणायचो. ती नागपुरातल्याच महाल भागात राहायची. नवरा प्रकाश, त्याचं झेरॉक्सचं दुकान, आणि मुलगी ऋचा कॉलेजात. वैशूला कसलंही व्यसन नव्हतं, खाण्यापिण्याचा अतिरेक नव्हता, तरी तिचं यकृत आतल्या आत सुकत गेलं. शरीर स्वतःच्याच यकृताला परकं समजतं असा तो आजार. आम्हाला कळलं तेव्हा डोळे हळदीसारखे पिवळे झाले होते, पोटात पाणी भरत होतं आणि बोलता बोलता ती मधेच शब्द विसरायची. डॉक्टरांनी सांगितलं, यकृत बदलावं लागेल. जवळच्या नात्यातल्या कोणी आपल्या यकृताचा तुकडा दिला तर लवकर होईल, नाहीतर मृत दात्याच्या यकृताची वाट पाहत बसावं लागेल आणि तेवढा वेळ हिच्याकडे नाही.

प्रकाशचा रक्तगट जुळला नाही. ऋचाला तपासणीला पाठवायला वैशू तयार होईना. माझा गट जुळला. त्या दिवशी मी आनंदानं दत्ताच्या मंदिरात नारळ फोडला. मग माझ्या पोटाची तपासणी झाली आणि डॉक्टर बाईंनी मला एकट्याला खोलीत बोलावलं. "तुमच्या यकृतावर खूप चरबी आहे," त्या म्हणाल्या. "असा तुकडा काढला तर तो तिला पुरणार नाही आणि उरलेला तुम्हाला पुरणार नाही. मी दोघांचाही जीव धोक्यात घालणार नाही."

मी लहानपणापासून गुरुवारचा उपास करत आलो. वडिलांनी लावून दिलेली शिस्त. पण आमच्याकडचा उपास म्हणजे साबुदाण्याची उसळ, तळलेले बटाटे, दाण्याचे लाडू आणि वरून दूध. एरवी कचेरीच्या खाली तर्री-पोहे, म्हणजे पोह्यांवर ओतलेला तेलकट तिखट रस्सा, आणि संध्याकाळी समोसे. त्या खोलीतून बाहेर आलो तेव्हा मला माझ्या पोटाची किळस आली. बहिणीला द्यायची एकच वस्तू देवानं मला दिली होती आणि ती मी तेलात बुडवून ठेवली होती.

आशा सोडू नका, असं आहार सांगणाऱ्या ताईंनी सांगितलं. यकृतावरची चरबी उतरू शकते, काही आठवड्यांत फरक दिसू शकतो. त्यांनी मला खाण्याच्या वेळा आखून दिल्या. सकाळी अकराच्या आधी काही नाही, संध्याकाळी सातनंतर काही नाही. मधल्या काळात दोन वेळा नीट जेवायचं: ज्वारीची भाकरी, पालेभाजी, वरण, काकडी, ताक. साखर, मैदा, तळण बंद. रोज चालायचं. पोट बराच वेळ रिकामं राहिलं की शरीर साठवलेली चरबी वापरायला काढतं, हे त्यांनी मला शाळकरी पोराला समजवावं तसं समजावलं. तुम्हाला मधुमेहाची औषधं सुरू असती तर मी हे इतकं सरळ सांगितलं नसतं, असंही त्या म्हणाल्या. सगळ्यांनी ऐकून करायची ही गोष्ट नाही, डॉक्टरांच्या नजरेखालीच करायची.

पहिले दिवस फार वाईट गेले. सकाळी डोकं ठणकायचं, कचेरीत फोडणीचा वास आला की उठून बाहेर जायचो. पण हळूहळू शरीर वळणावर आलं. दुपारची झापड गेली. जिना चढताना लागणारी धाप कमी झाली. काठावर आलेली रक्तातली साखर खाली उतरली, पॅंट कमरेत सैल झाली, झोप गाढ लागू लागली. माझ्यासोबतचे लोक म्हणायचे, तब्येत छान करून राहिले. मला ते ऐकवत नसे. कारण मी बरा होत होतो आणि वैशू खंगत होती. तिच्यासाठी डॉक्टरांचा हुकूम बरोबर उलटा होता. तिनं जरा जरा वेळानं खायचं, झोपण्याआधीसुद्धा खायचं, उपाशी अजिबात राहायचं नाही. तिचं शरीर स्वतःचं मांस खात होतं. पण बिनमिठाचा घास तिच्या तोंडात फिरत राहायचा आणि ती मान वळवायची. एका घरात वाढलेली दोन माणसं, एकाच अवयवासाठी, एकानं खायचं नाही आणि दुसरीनं खायचं. दोघांनाही ते जमत नव्हतं.

मग मी घाई केली. आठ तासांत दोनदा जेवायच्या ऐवजी एकदाच जेवू लागलो, मग तेही टाळू लागलो. महाराजांना म्हणालो, माझं अन्न घ्या आणि तिला ठेवा. हा सौदाच होता, पण तेव्हा मला ती भक्ती वाटत होती. वैशूला तोवर रुग्णालयात भरती केलं होतं. रोज दुपारी कचेरीतून तिथं जायचो, तिच्याजवळ बसायचो, डबा घेऊन जिन्यात जायचो आणि न उघडताच परत पिशवीत ठेवायचो.

अशाच एका दुपारी त्या जिन्यात मला अंधारी आली. भिंत धरायला गेलो तर भिंत हाताला लागेना. कोणीतरी दंडाला धरून मला पायरीवर बसवलं. पाहिलं तर एक उतारवयाच्या बाई होत्या. नऊवारी लुगडं, कपाळ मोकळं, हातात स्टीलचा गिलास. त्यांनी मला पाणी पाजलं आणि न विचारता माझ्या पिशवीतून डबा काढून उघडला.

"डबा तं भरलेला हाय. मंग जेवले काहून नाई?"

मी म्हणालो, उपास आहे.

"कोनासाठी?"

"बहिणीसाठी. आत आहे ती."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला. "देव काय भूक खाते का, भाऊ? त्याले ते देऊन काय कराचं? खा पयले." मी खाल्लं. घास गिळताना रडू येत होतं आणि त्या शांतपणे पाहत होत्या. अर्धी भाकरी झाल्यावर म्हणाल्या, "बहीन जेवते का?"

"नाही. तिच्यानं खाववत नाही. म्हणून तर मी तिच्यासमोर खात नाही."

"तिथंच तं चुकून राहिलं. ते एकटी कशी खाईन? चार मानसं उभी राहून तिच्या तोंडाकडे पाह्यतात. तुमी तिच्यासमोर बसा, तिच्यासंगं जेवा. मंग पाहा."

त्यांनी डबा बंद करून माझ्या मांडीवर ठेवला आणि गिलास घेऊन वर गेल्या. मी नावसुद्धा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावर जाऊन चौकशी केली. सिस्टर म्हणाल्या, कालच बरेच पेशंट सुटी होऊन गेले, त्यांपैकी कोणाच्या नातेवाईक असतील. असतीलही. मी त्यावर वाद घालत नाही. एवढंच सांगतो की त्याच आठवड्यात आहाराच्या ताईंनी मला फैलावर घेतलं. असं एकदम अन्न तोडलं तर यकृतावरची चरबी उलट वाढू शकते, ठरवलेल्या वेळात पोटभर जेवणं हा उपासाचाच अर्धा भाग आहे, असं त्यांनी बजावलं. माझी भक्ती वैशूच्याच मुळावर आली असती, आणि मला थांबवणारी बाई त्या जिन्यात नेमकी त्या दुपारी होती.

जिन्यातल्या त्या दुपारनंतर, दुसऱ्या दिवसापासून मी वैशूच्या पलंगाजवळ स्टूल ओढून डबा उघडू लागलो. पहिल्या दिवशी ती डब्यात डोकावली.

"काय आणलं?"

"मेथीची भाजी. बिनमिठाची."

"तू काहून बिनमिठाची खाऊन राहिला? तुला तर डॉक्टरनं मीठ बंद नाही सांगितलं."

"असंच. तुला कंपनी."

तिनं हात पुढे केला. दोन घास खाल्ले. त्यानंतर ती माझी वाट पाहू लागली. ऋचा सांगायची, मामा यायच्या आधी आई उठवून बसवायला लावते. आम्ही दोघं एका डब्यातून जेवायचो, सावकाश, बोलत. वडिलांच्या अजनीतल्या क्वार्टरमध्ये लहानपणी जेवायचो, त्यानंतर इतकं सलग सोबत बसून कधी जेवलो नव्हतो. सणाला भेट व्हायची, पण तेव्हा ती वाढत असायची आणि मी पंगतीत. ती कधी शब्द विसरायची, मी आठवून द्यायचो. एकदा म्हणाली, "दादा, बिमारीनं एक बरं केलं. तू माझ्याकडे येऊन जेवाले लागला." मी डबा तिच्याकडे सरकवला.

माझी पुन्हा तपासणी झाली. चरबी उतरली होती, डॉक्टर बाईंना वाटलं होतं त्याहून जास्त. त्या पहिल्यांदा माझ्याकडे पाहून हसल्या. आता घेता येईल, म्हणाल्या. मी धावत वैशूकडे गेलो. ती म्हणाली, "म्हणजे आता तुझ्या पोटातली तर्री गेली." आम्ही दोघंही हसलो. शस्त्रक्रियेचा दिवस ठरला. कागदपत्रं झाली. प्रकाशनं देवीला साडी बोलून ठेवली.

आणि वैशूला ताप भरला. पोटातल्या पाण्यात जंतुसंसर्ग झाला होता. तो उतरेपर्यंत शस्त्रक्रिया करता येणार नव्हती. तो उतरला नाही. मूत्रपिंडं थांबली. तिला अतिदक्षता विभागात नेलं तेव्हा ती मला ओळखत होती की नाही, हे मी आजपर्यंत ठरवू शकलेलो नाही. एका सकाळी, लख्ख उन्हात, ती गेली. माझं यकृत माझ्याच पोटात राहिलं. स्वच्छ, निरोगी, तिच्यासाठी तयार केलेलं.

तेरवीनंतर मी सगळं सोडलं. मंदिर सोडलं, चालणं सोडलं. रोज सकाळी कचेरीखाली उभा राहून तर्री-पोहे खाऊ लागलो, वरून आणखी तर्री मागून. चव लागत नव्हती. मला त्या बऱ्या झालेल्या शरीराचा राग होता. जिच्यासाठी बरं केलं ती नाही, मग हे कशाला बरं राहिलं? रात्रीचं जेवण मी करतच नसे. उपास म्हणून नाही, एकट्यानं ताट वाढून घ्यायचं बळ नव्हतं.

एका संध्याकाळी प्रकाश आला. हा मुळात अबोल माणूस. त्याचीही दाढी वाढलेली, शर्ट खांद्यावरून लोंबत होता. त्यानं पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला.

"सातच्या आत जेवाचं असते ना तुमचं?"

"बंद केलं आता ते."

त्यानं तरी डब्याचं झाकण काढलं. मग म्हणाला, "दादा, ते गेल्यापासून मले घरी जेवण जाऊन नाही राहिलं. ऋचा बनवते, मी उठून जातो. ते पोरगी मग तशीच झोपते. काल मले वाटलं, तुमच्याकडे जाऊन पाहावं. तुम्ही बसाल तर मी बसतो."

मी ताटं घेतली. डब्यात ज्वारीच्या भाकरी होत्या आणि ऋचानं केलेलं वरण, थोडं लागलेलं. आम्ही दोघं जेवलो. जेवता जेवता प्रकाश मधेच थांबला, डोळे पुसले आणि पुन्हा घास घेतला. दुसऱ्या दिवशी मी महालात गेलो. आता तो नेमच झाला आहे. कधी ते येतात, कधी मी जातो, सातच्या आत तिघं जेवतो आणि सकाळी अकरापर्यंत पोटाला विसावा. तर्रीवाला आता मला ओळख दाखवतो, मी हात हलवून पुढे जातो.

मला वाटायचं, मी पुरेसं सोसलं तर देव ते मोजून घेईल आणि बदल्यात वैशू देईल. त्यानं तसं काही केलं नाही. का केलं नाही, हे मला कळलेलं नाही आणि कोणी कळलं म्हणून सांगू लागलं तर मला ते ऐकवतही नाही. पण त्या जिन्यातली बाई नसती, तर मी तिच्या शेवटच्या दिवसांत भुकेला, गर्विष्ठ आणि तिच्यापासून लांब बसलेला असतो. ते घास आम्हाला मिळाले. मी ते मागितले नव्हते. मी मागत होतो ते मिळालं नाही आणि मागायचं सुचलंही नव्हतं ते मिळालं, एवढंच मी सांगू शकतो. दुःख त्यानं कमी झालेलं नाही. त्याच्यासोबत जेवता येतं, इतकं झालं आहे.

मागच्या गुरुवारी बऱ्याच महिन्यांनी दत्ताच्या मंदिरात गेलो. गुरुजींनी ओळखलं. बारीक झालात, म्हणाले. मग पळीत पाणी घेऊन त्यांनी विचारलं, "संकल्प कशासाठी?"

मी हात जोडून उभा होतो. आठवून पाहिलं, काही सापडलं नाही.

"कशासाठी नाही," मी म्हणालो. "नुसताच आलो."