रोझीच्या स्पीकरात मी घातलेले सेल

मंडळी, आज सकाळी आपल्या वाडीतल्या रोझीचा स्पीकर जळाला. त्यात जादा सेल मी घातले होते.

ती वाडीतल्या पोरांना क्रुसाकडच्या प्रार्थनेची गाणी शिकवते. स्पीकर दोन तासांत बंद पडायचा. मी म्हटलं, जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले लिथियम सेल जोडून देतो, दिवसभर वाजेल.

कट्ट्याच्या बाजारात मोबाईल दुरुस्त करणारा बापू म्हणाला, "आधी मीटर लाव रे. सगळ्या सेलांचो व्होल्टेज सारखो आसा काय बघ, नायतर चार्जिंगात तापान पेटतले."

मी भडकलो. "कॉलेज सोडलंय, अक्कल नाय सोडूक!" आणि तसेच जोडले, कारण मला स्पीकर कालच तिच्या हातात द्यायचा होता.

आज चार्जिंगला लावल्यावर तो फुगला आणि पेटला. तिने काठीने अंगणात ढकलून वर वाळू टाकली. बोटांना फोड आलेत.

मी पोचलो तर तीच रडत म्हणाली, "माझीच चूक रे. चार्जिंगाक लावून मिया विसारलंय. तुझी मेहनत फुकट गेली."

आणि मी ‘होय’ म्हणून मान हलवली!

बापूवर भडकलेला मी, तिचीच चूक मान्य करून घरी आलो. आता हे आपल्या ग्रुपवर टाकून निघतोय, तिने वाचायच्या आधी खरं सांगायला तिच्या दारात पोचायला हवं. तुम्ही असता तर सकाळीच बोलला असतात ना?