भट्टीतला दांडा

भट्टीवाल्या बाईंचं खरं नाव प्रयोगशाळेत कुणी घेत नसे. कोपऱ्यातल्या खोलीत त्यांच्या ताब्यात विजेची एक उभी भट्टी होती. तिच्यात बोटाएवढा पोलादी दांडा लाल होईस्तोवर तापवलेला, खाली त्याला वजनं टांगलेली. तापलेलं पोलाद ओझ्याखाली मुंगीच्या पावलांनी लांबत जातं आणि एक दिवस तुटतं. ते किती टिकतं, हे बाईंनी बघायचं. महिनोन्महिने काही घडायचं नाही, पण जीव मात्र सतत टांगणीला.

"तुटला का गं?" सासूबाई रोज विचारायच्या.

"नाही."

"मग दिवसभर केलंस काय?"



एका सोमवारी त्या आल्या, तर भट्टी गार. सुट्टीच्या दिवशी वायरमननं दुरुस्तीसाठी वीज बंद केली होती.

"अहो, वीज बंद करू नका म्हणून दारावर एवढी मोठी पाटी लावलीय!"

"पाटी दारावर. मी बटण दाबलं जिन्याखालचं," वायरमन शांतपणे म्हणाला. "आणि ताई, तुमचा दांडा काही पळून गेलेला नाही."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. भट्टी मध्येच गार झाली की चाचणी बाद; कित्येक महिन्यांच्या कामावर पाणी पडलं होतं. साहेबांनी नवा दांडा लावायला सांगितलं. तो तयार होऊन येईपर्यंत बाईंनी जुनाच पुन्हा तापवला. दुरुस्ती रेंगाळली, वीज पुन्हा पुन्हा जात राहिली, दांडा गार व्हायचा, पुन्हा तापायचा. आणि एके दुपारी वजनं धाडकन खाली आदळली. शेजारच्या खोलीतले लोक धावत आले. आधीचे, सतत तापत राहिलेले दांडे याच्यापेक्षा कितीतरी जास्त टिकले होते.

दोन्ही तुकडे घेऊन बाई साहेबांकडे गेल्या.

"हे नियमात बसत नाही," साहेब म्हणाले. "भट्टी अखंड चालू हवी."

"पण ज्या कारखान्यासाठी आपण हे करतोय, तिथला बॉयलर रोज बंद होतो, रोज पेटतो. त्याच्या नळ्यांना कुठली आलीय अखंड भट्टी?"

"एका दांड्यावरून काय ठरवणार तुम्ही?"

"म्हणूनच म्हणते, तसाच दुसरा लावू द्या."

"त्यांनी मागितलंय तेवढंच करायचं."

एका दांड्यानं काही सिद्ध होत नाही, हे साहेबांचं म्हणणं बरोबर होतं, आणि तेच बाईंना जास्त डाचत होतं. दुसरा लावू द्यायचा नाही आणि वर पुरावा मागायचा!

"सोडून दे ना," नवरा म्हणाला. "नळ्या काय आपल्या घरच्या आहेत?"

बाईंनी आमटीचं पातेलं त्याच्यापुढे असं आदळलं की आमटी ताटाबाहेर उडाली.

दुरुस्ती संपल्यावर लावलेल्या नव्या दांड्यानं मुकाट्यानं सगळे दिवस काढले. आकडा चांगला आला. अहवाल गेला आणि कारखान्याच्या इंजिनियरचा फोन आला. साहेबांनी तो सगळ्यांना ऐकू येईल असा लावला.

"छान आहे हो आकडा. म्हणजे रोज बंद-चालू केलं तरी नळ्या टिकतील ना?"

"हो, हो, काही काळजी—"

"ते आम्हाला माहीत नाही," बाई मध्येच म्हणाल्या. आवाज चढला, तो त्यांना आवरता आला नाही. "आम्ही तसं तपासलेलंच नाही. एक दांडा चुकून गार होत होत तापला, तो लवकर तुटला. एकच होता. कारण सांगता येणार नाही."

साहेबांचा चेहरा पडला. पलीकडून इंजिनियर उसळला.

"मग तपासा की! आधी बोलला का नाहीत?"

परवानगी मिळाली. सोबत गोदामातली एक जुनी भट्टीही मिळाली, जिचं दार नीट लागत नव्हतं. बाई सकाळभर फटी बुजवत बसल्या. साहेबांनी बोलणंच टाकलं होतं. निरोप शिपाई आणायचा.

"साहेब म्हणाले, या भट्टीचा निकाल जरा लवकर द्या."

"लवकर?" हातातला चिंधीचा बोळा बाईंनी टेबलावर फेकला. "त्यांना म्हणावं, पोलादाला विनंतीअर्ज करते."

शिपाई दारातच घुटमळला. "असंच सांगू?"

"असंच सांगा," म्हणत बाईंनी बटण दाबलं.