दादाच्या वाट्याची पिवळी काच

आमच्याकडे वाटणीची रीत अशी, की मोठ्यांनी वाटे घालायचे आणि धाकट्यानं आधी उचलायचं. म्हणजे घालणाऱ्याला डावंउजवं करता येत नाही आणि उचलणाऱ्याला मागाहून रडता येत नाही. एकदा उचललं ते उचललं. बाबा गेल्यावर सुलतानपूरच्या रस्त्याला असलेल्या आमच्या खेड्यातल्या घरी असेच दोन वाटे ओसरीवर पडले. वावर आधीच वाटून झालं होतं. राहिली होती भांडीकुंडी, कंदील, पेट्या आणि बाबांचा कॅमेरा. वाटे आईनं घातले. मामा पंच म्हणून बसले होते, आणि दादा, माझा मोठा भाऊ, भिंतीला टेकून सुपारी कातरत होता. मला कॅमेरा दिसला आणि दुसरं काही दिसलंच नाही. कोणी 'उचल' म्हणायच्या आत मी तो वाटा ओढला.

मेहकरला माझा लहानसा फोटो स्टुडिओ होता. तिथं येऊन पोतं सोडलं तेव्हा समजलं, की चामड्याची पिशवी यात नाही. बाबांच्या काचा त्या पिशवीत असायच्या. फिल्टर म्हणतात त्यांना, पण आमच्या घरात त्या काचाच. पिशवी दुसऱ्या वाट्यात, पाण्याच्या पितळी गुंडाच्या मागं पडलेली असणार. दादानं मुद्दाम तिकडं सरकवली, याबद्दल मला तेव्हा तिळभर शंका नव्हती.

कॅमेरा जुना, दोन डोळ्यांचा. वरच्या डोळ्यानं आपण पाहायचं, खालच्यानं फिल्मवर उमटायचं. पोटाशी धरून मान खाली घालायची, समोरच्याला वाटावं हा माणूस पाया पडून राहिला. बाबा त्यात काळीपांढरी फिल्म घालायचे. त्या फिल्मवर आपल्याकडचं आकाश नुसतं पांढरंफटक येतं. पिवळी काच लावली, की निळं जरा काळवंडतं, ढग उठून दिसतात, आणि त्यांच्यापुढं फुटलेला कापूस असला तर तो हातात घ्यावासा वाटतो. आईचा एक फोटो बाबांनी तसा काढला होता. सीतादहीच्या दिवशीचा. कापसाची पहिली वेचणी करायच्या आधी घरची बाई वावरात खडे मांडते, हळदकुंकू वाहते, पऱ्हाटीला, म्हणजे कपाशीच्या झाडाला, दहीभाताचा घास देते आणि मग पहिली बोंडं ओटीत घेते. त्या फोटोत आई तरुण आहे, ओटी कापसानं भरली आहे आणि मागं ढगच ढग.

फोटो भिंतीत खिळा मारून बसवलेला, म्हणून घराबरोबर राहिला. घर दादाच्या वाट्याला. आणि आई? तिला कोणत्या वाट्यात घालायचं हे कोणी विचारलंच नाही. "मी इथंच बरी," ती म्हणाली. "मले शहरात गमत नाही." मेहकर म्हणे शहर! म्हणजे घर त्याचं, आई त्याची, फोटो त्याचा, आणि ज्याला कॅमेऱ्याचं झाकण उघडता येत नाही त्याचीच काच. गाढवाला गुळाची चव काय! माझा नुसता जळफळाट झाला.

वर नशीबही त्याच्याच बाजूचं. त्याच सुमारास बीटी कपाशीचं बियाणं आलं. दादाचं वावर नाल्याकाठचं, काळंभोर. पऱ्हाटी छातीला लागली त्याच्या. बियाण्याच्या कंपनीची माणसं गाडी घेऊन आली, बांधावर फलक लावला, दादाला हार घालून त्याचा फोटो काढला. तोसुद्धा मला न बोलावता! मग दारात मोटारसायकल, घरात रंगीत टीव्ही. माझा हिस्सा बरड रानातला, बटईनं, निम्म्या पिकावर दुसऱ्याला कसायला दिलेला. तिथं त्याच बियाण्यावर लाल्या पडला आणि पानं तांबडी होऊन वाळली. इकडं स्टुडिओतही डिजिटलचं आलं आणि माझ्या रिळांना कोणी विचारेनासं झालं. पासपोर्ट फोटो काढत बसायचो आणि मनातल्या मनात त्याची पऱ्हाटी मोजायचो.

पण काच मी सोडली नाही. अकोल्याला पाहिली, जालन्याला पाहिली, औरंगाबादेत जुन्या दुकानांच्या माळ्यावर चढलो. जो तो आट्यांची काच काढून दाखवायचा. अरे बाबा, माझ्या कॅमेऱ्याच्या तोंडाला आटे नाहीत, बाहेरून खाचा आहेत! काच टेकवायची, थोडी फिरवायची, की कट्कन बसते. तशी काच कोणाकडे नाही. मग मिठाईच्या डब्याचा पिवळा कागद रबरानं बांधून पाहिला. फोटोत सगळं गाव धुक्यात गेलं.

मुंबईच्या जुन्या बाजारात दोन दिवस धूळ खाल्ली. पुण्यात एका शौकिनाचा पत्ता लागला. त्याच्या काचेच्या कपाटात माझ्या कॅमेऱ्याचे चार भाऊ ओळीनं बसलेले, प्रत्येकाशेजारी मखमलीवर काचा. "मले एक पिवळी काच पायजे," असं माझ्या तोंडून निघून गेलं. तो हसला आणि आतल्या बायकोला म्हणाला, "अगं, ऐकलंस का, किती गोड बोलतात हे!" गोड म्हणे. काच विकायची नाही म्हणाला, संच फुटतो. चहा मात्र दिला. त्या माणसाचा मी आजतागायत हेवा करतो आणि त्याच्या कपाटाला वाळवी लागो असंही म्हणतो.

घरी आलो तर बायको म्हणाली, "काखेत कळसा अन् गावाले वळसा. दादांले मागत काऊन नाही?"

"मरीन, पण त्याच्यापुढं हात पसरणार नाही."

"मरा मंग," ती म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

पुढं गुलाबी अळी आली. बीटीला अळी लागत नाही म्हणून ज्यांनी छातीला हात लावून सांगितलं होतं, ते बांधावर फिरकले नाहीत. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत किडकं. एक साल गेलं, दुसरंही तसंच. दादाची मोटारसायकल दारातून गेली. गावातल्या एका घरी तर वाईट घडलं, आणि आई दादाला एकट्याला वावरात जाऊ देईना, असं कानावर आलं. मग आईचाच निरोप आला, बसच्या कंडक्टरबरोबर: दादा आता कपाशी बंद करतो, पुढच्या साली सोयाबीन. हे सीतादही शेवटचं. बाबांसारखा फोटो काढायला ये.

बाबांसारखा! कशानं काढू? कपाळानं? ढग कुठून आणू? आईचे गुडघे गेलेले, यापुढं ती वावरात यायची नाही. शेवटी जे होईल ते होईल म्हणून कॅमेरा गळ्यात घालून गेलो.

त्या दिवशी आकाश असं निळं होतं, की मला त्याचाच राग आला. ढगही होते, पांढरे, भरगच्च, फोटोत येणार नाहीत असे. दादानं आईला हाताला धरून वावरात आणलं होतं. कापूस विरळ होता, तरी चार ओळी बऱ्या फुटलेल्या. आईनं खडे मांडले, दहीभात ठेवला. मग कमरेची पिशवी सोडून तिनं चामड्याची लहान पिशवी काढली आणि माझ्यापुढं धरली.

"घे. पिवळी पायजे ना?"

मी दादाकडे पाहिलं. दादा पऱ्हाटीकडे. मी काच लावली. कट्कन बसली. मान खाली घातली तर वरच्या काचेत आई उलट्या बाजूला, ओटी अर्धीच भरलेली, आणि तिच्या मागं सगळं आभाळ. बटण दाबलं.

रीळ संपलं. मी कॅमेरा बंद केला आणि पिशवी आपल्या झोळीत टाकली. आईनं हात पुढं केला.

"दे इकडं."

"काऊन? याले काय करायची हे?"

"त्याच्या वाट्याची हाय. उचललं ते उचललं."

मग मात्र माझा तोल गेला. "यानंच सरकवली तिकडं! कॅमेरा मह्याजवळ, काच याच्याजवळ, कोण्या कामाची? इतकी वर्षं मी भीक मागत फिरलो!"

"मी नाही बे सरकवली," दादा म्हणाला. "तू मागितली कव्हा?"

"मी ठेवली," आई म्हणाली. ती खड्यांपुढं बसूनच होती. "वाटे मीच घातले ना? कॅमेऱ्यावर तू झडप घालशीन, हे मले ठाऊक होतं. म्हटलं काचेसाठी तरी येशीन भावाच्या घरी. तू पुन्याले गेला, मुंबईले गेला. घरी नाही आला."

मी पिशवी काढून तिच्या हातावर ठेवली. तिनं ती दादाला दिली. त्यानं खिशात घातली, आणि तेव्हासुद्धा, आई समोर बसलेली असताना, मला त्याच्या खिशाचा हेवा वाटला.

फोटो चांगला आला. ढग बाबांच्या फोटोइतके नाहीत, पण आले. एक प्रत मी दादाला दिली, ती त्यानं बाबांच्या फोटोशेजारी लावली. पुढच्या साली त्या वावरात सोयाबीन होतं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात आई गेली.

तेरवीच्या पंगती उठल्यावर दादा आत गेला आणि ती पिशवी घेऊन आला. माझ्यापुढं ठेवून म्हणाला, "ने बे आता. मी काय करू याचं?"

मी उघडून पाहिली. काच स्वच्छ होती. इतक्या वर्षांत एक ओरखडा नाही. कोणीतरी मऊ फडक्यानं पुसून पुसून ठेवलेली. मी पिशवीचं बटण लावलं आणि त्याच्याकडे सरकवली.

"राहू दे. तुह्या वाट्यातली हाय."

"अन् लागली तं?"

"लागली तं येईन."