साडूंचा नातेपट

एकाचं बोलणं दुसऱ्याला कळतं, या सर्वमान्य समजुतीवर ज्याचा काडीचाही विश्वास नव्हता असा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते बांधकामाचे पदार्थ शिकवत. म्हणजे दगड, विटा, चुना, सिमेंट, लोखंड. मी लातूरला एका बँकेत हिशेबाला. बेरीज जुळली की कागद मिटून घरी जाणारा माणूस. साडूंचं बेरीज जुळल्यावर सुरू होई. मिळवलेल्या दोन गोष्टी मुळात एका जातीच्या होत्या का, हे ते विचारत, आणि मग माझी जुळलेली बेरीज मलाच संशयित वाटू लागे. चहा गरम आहे असं कोणी म्हणालं तर गरमपणा चहाचा की जिभेचा, हे आधी ठरवायला लागे. ते ठरेपर्यंत चहा निवे आणि ते तो मोठ्या समाधानाने पीत. माझ्या पुतणीला उदगीरचं स्थळ आलं तेव्हा मध्यस्थ म्हणाले, मुलगा चांगला आहे. साडूंनी अत्यंत अदबीने विचारलं, "हे पाहिलेलं आहे, मोजलेलं आहे की अनुमान आहे?" मध्यस्थ भला माणूस. त्याने पाणी मागितलं, प्यायला, आणि अनुमान आहे असं कबूल करून टाकलं. स्थळ तिथेच संपलं. माझी मेव्हणी, म्हणजे त्यांची बायको, म्हणायची, "यांच्याशी बोलायचं म्हणजे आधी हॉल तिकीट काढावं लागतं."

हे वेड जन्मजात नव्हतं. ते किल्लारीच्या भूकंपाने लावलं. त्यांची थोरली विधवा बहीण, आम्ही सगळे तिला अक्का म्हणायचो, औसा तालुक्यातल्या एका खेड्यात एकटी राहायची. त्या पहाटे शेजारची घरं बसली, अक्काचं उभं राहिलं. फक्त एका भिंतीचं पोट बाहेर आलं आणि कोपरा उलला. पाहणीला एक पथक आलं, त्याने लिहिलं: दगडी भिंत, दुरुस्तीयोग्य. पंधरवड्याने दुसरं आलं, त्याने लिहिलं: मातीची भिंत, राहण्यास अयोग्य. भिंत तीच. आमच्याकडची जुनी भिंत म्हणजे हातभर रुंदीचं प्रकरण. बाहेरून दगडाचं एक अंग, आतून दगडाचं दुसरं, आणि मधल्या पोटात माती न् दगडाच्या चिपा. एका साहेबाने अंग पाहिलं, दुसऱ्याने पोट. दोघांनी सह्या केल्या, शिक्के मारले आणि जीपमध्ये बसून गेले. अक्काने दोन्ही कागद भावाच्या हातात ठेवले, अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये खाट टाकली आणि विचारलं, "बापू, तू ह्याच्यातलाच मास्तर हायेस. म्या आत निजू का न्हाई, येवढं सांग."

एवढंच. हो किंवा नाही. दुसरा कोणीही भाऊ असता तर त्याने भिंतीवर हात थोपटून काहीतरी एक सांगून टाकलं असतं. साडूंनी भिंतीचं वर्णन एका मोठ्या संस्थेतल्या ओळखीच्या माणसाकडे पाठवलं. तो संगणकावर घरं हलवून बघायचा. त्याचं उत्तर आलं की भिंत उत्तम आहे, भूकंपात काही होणार नाही. साडूंना आनंद होण्याऐवजी ताप भरला. त्यांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, 'दगडी भिंत' हे शब्द वाचून त्या माणसाने संगणकात सबंध एकसंध दगड उभा केला होता. तसा दगड हलणारच नाही. शंभर गावांत माणसं ज्या भिंतींखाली गेली, त्या सगळ्या त्याच्या संगणकात सुरक्षित उभ्या होत्या.

त्या दिवसापासून साडूंनी नातेपट मांडायला घेतला. हा शब्द त्यांचाच. मी एकदा चुकून कोश म्हणालो, तर म्हणाले, "कोशात शब्दाचा अर्थ असतो. मला वस्तूंची नाती पाहिजेत." अमुक वस्तू अमक्या जातीची, ती अमक्या भागांची बनलेली, तिचा अमुक गुण, तो गुण अमक्या रीतीने मोजलेला, आणि त्या मोजमापावर बसवलेलं अमुक अनुमान. वस्तू, गुण, मोजणी आणि अनुमान यांची सरमिसळ करायची नाही. गवंडी, सर्वेक्षणवाला, प्रयोगशाळावाला आणि संगणकवाला, चौघांनी एकच पट वापरायचा. म्हणजे एकाने भिंत म्हटली की चौघांच्या डोळ्यांपुढे तीच भिंत. ऐकायला इतकं साधं, की हे आधी कोणी केलेलं नाही यावर माझा विश्वास बसेना.

का केलेलं नाही, ते मला त्यांच्या नांदेडच्या घरी एका रविवारी समजलं. साडूंनी प्रयोगशाळेचे एक, संगणकाचे एक आणि बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले एक, अशा तिघा विद्वानांना जेवायला बोलावलं होतं. मी पाव्हणा म्हणून हजर होतो. भिंतीतली माती हा पदार्थ आहे की दोन दगडांमधला सांधा आहे, एवढ्या एका प्रश्नावर पिठलं गार झालं. प्रयोगशाळावाले म्हणत, माती वाळवून वजन करा. संगणकवाले म्हणत, वजनाचं नंतर बघू, आधी चौकटीत आकडा भरा. निवृत्त साहेब म्हणत, आमच्या काळी असं काही नव्हतं, तरी इमारती उभ्याच आहेत. सामाईक पट हवा यावर तिघांचं एकमत होतं. तो आपापल्या ऑफिसात असलेलाच असावा, यावरही होतं. जाताना तिघांनी साडूंच्या मांडणीची एकेक प्रत नेली. वर्षभरात तिन्ही ठिकाणी ती थोडी थोडी बदलून, ज्याच्या त्याच्या नावाने बाहेर आली. साडूंचं नाव कुठेच नव्हतं, याचं त्यांना काही वाटलं नाही. तिन्हींत भिंत वेगळी निघाली, याचं मात्र लागलं. मेव्हणी एवढंच म्हणाली, "जेवून तरी गेले पोटभर." अक्काचा निरोप त्याच आठवड्यात आला होता: निजू का न्हाई?

पुढे कॉलेजने त्यांना हळूच बाजूला केलं. मुलांना गुण कमी पडतात, सर अभ्यासक्रम सोडून बोलतात, अशी तक्रार. तोवर लातुरात क्लासेसचं पीक जोमात आलं होतं. गल्लीगल्लीत पाट्या, पाट्यांवर मुलांचे फोटो, फोटोंखाली गुण. भाड्याच्या खोल्यांत मराठवाडाभरची पोरं. अक्काचं गाव जवळ पडेल म्हणून साडू आमच्या शेजारी राहायला आले आणि एका क्लासात फिजिक्स शिकवू लागले. पहिला महिना पुरा झाला नाही. पोलादाची ताकद किती, असा प्रश्न, खाली चार पर्याय. सरांनी फळ्यावर विचारलं, कोणतं पोलाद, कसं ओढलेलं, ताकद म्हणजे वाकण्याची की तुटण्याची. आणि तासाच्या शेवटी चारही पर्याय बरोबर असू शकतात असं सिद्ध केलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. आईबापांनी फोन केले. क्लासचा मालक समजूतदार माणूस होता, त्याने सरांना चहा पाजून सांगितलं, "सर, तुमचं खरं असंल. पण पोरांना चारातलं एक पायजे." मला तो माणूस वाईट वाटला नाही. अक्का तरी काय मागत होती? तिला तर दोनातलं एक पाहिजे होतं.

हे मी साडूंना बोलून दाखवलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "चुकीचं हो म्हणालो आणि भिंत बसली, तर? चुकीचं नाही म्हणालो आणि तिने नवऱ्याच्या हातचं घर उगाच पाडलं, तर?" अक्का तिकडे उन्हाळ्यात तापलेल्या पत्र्याखाली घामाघूम होत होती आणि पावसाळ्यात पत्र्याच्या आवाजाने जागी राहत होती.

आणि शेवटी उत्तर आलं. त्यांचा एक जुना विद्यार्थी संगणकावर घरं हलवून बघण्याच्या कामात शिरला होता. त्याने गुरूचा नातेपट जसाच्या तसा घेतला: दोन अंगं, मधलं पोट, छताचे लाकडी सरे, त्यांवरचं मातीचं माळवद, सगळं वेगवेगळं. साडूंनी भूकंपाच्या साली स्वतः घेतलेली मापं भरली. भिंतीत ठरावीक अंतरावर आरपार जोडदगड घातले की अक्काने खुशाल आत निजावं, असं निघालं. साडू मला घेऊन जीपने निघाले. वाटभर हा माणूस गुणगुणत होता. मी त्यांना गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं.

वैशाख होता. अंगणात शिरलो तर घराला शिडी लावलेली, दोन गडी पांढऱ्या मातीच्या पाट्या माळवदावर चढवतायत, आणि अक्का खालून त्यांना ओरडतेय की कोपरा सोडू नका. आमच्याकडे पावसाळ्याआधी माळवदावर मातीचा थर देतात, गळू नये म्हणून. साडू जागीच थांबले.

"हे काय चाललंय, अक्का?"

"दरसालचंच. माती टाकून राह्यले."

"दरसाल? तू आत राहतही नाहीस."

"मंग? तू निज म्हनशील तवा घर धड नको का?"

साडू नांदेडहून दरवर्षी दिवाळीलाच यायचे, आणि लातूरला आल्यावरही तीच सवय राहिली. वैशाखात त्यांच्यापुढे आधी परीक्षेचे गठ्ठे असायचे, नंतर नातेपटाचे. रिकाम्या घरावर कोणी माती टाकत नाही, एवढं एक त्यांनी न विचारता धरलं होतं. त्यांच्या पटात सरे होते, माती होती, मातीची जाडी होती. अक्का नव्हती. ते शिडीने वर गेले, गड्याकडची पहार घेतली आणि मातीत दाबली. पहार त्यांनी मोजलेल्या जाडीच्या कितीतरी खाली जात राहिली. इतक्या सालांच्या थरांचं ओझं त्यांनी भरलेल्या मापांत नव्हतं. मग तिथूनच म्हणाले, "अक्का, आत निजू नको."

त्यांच्या तोंडून बिनअटीचं वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं.

अक्काने पदराने तोंड पुसलं. "बरं," ती म्हणाली. "हे तवाच म्हनला असतास, तर पाडून दोन खोल्या काढल्या असत्या, बापू. तवा अंगात जोर व्हता." आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, असं मला वाटलं.

साडूंनी गड्यांना थांबवलं, सदरा काढून शिडीला अडकवला आणि फावडं हातात घेतलं. साठी ओलांडलेला माणूस भर उन्हात माळवद उकरू लागला. माती ढेकळा-ढेकळाने अंगणात पडू लागली. मी वर जायला निघालो तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. अक्काने खालून विचारलं, आत निजायचं नाही तर माती कशाला काढतोस.

"निजता यावं म्हणून."

"गळंल की रं घर."

"गळू दे, अक्का."

अक्का शेडमध्ये गेली. घमेलं घेऊन आली, आणि वरून पडणारी पांढरी माती अंगणाच्या एका कोपऱ्यात नीट ढीग करून ठेवू लागली. पुढच्या सालाला लागेल म्हणून.