मामांचा ऊस आणि सर्व्हरचा धीर

उसाचा विषय निघाल्यावर ज्यांना थांबवता येतं असे मामेसासरे जगात असतीलही, माझ्या वाट्याला आलेले मात्र त्यातले नव्हेत. बायकोचे हे मामा संख्याशास्त्रज्ञ. सगळी नोकरी मांजरी गावाच्या बाजूला उसाच्या चाचणी-प्लॉटांवर गेली. ऊस मोजायचा, रस तपासायचा, साखरेचा उतारा किती पडला ते नोंदवायचं. निवृत्त झाल्यावर माणसं देवाला लागतात, हे प्रोग्रॅमिंगला लागले. त्यांच्याबरोबर रसवंतीत जायला आता घरातलं कुणी धजत नाही. एकदा भर उन्हात त्यांनी रसवाल्याला विचारलं, "जात कुठली? किती महिन्यांचा? नव्या लागणीचा, की तोडीनंतर बुडख्यातून फुटलेला खोडवा?" मागे माणसं ताटकळलेली. रसवाला शांतपणे म्हणाला, "काका, आलं घालू का नुसतं लिंबू?" भाजी घेताना मामा भेंडीच्या ढिगात डोळे मिटून हात घालतात, कारण नमुना निवडताना आपली आवड आड येता कामा नये. भाजीवालीने काळजीने विचारलं, "काका, डोळे आलेत का?" त्यावर मामी म्हणाल्या, "नाही हो, पहिल्यापासून असेच आहेत."

पण त्यांची खरी ख्याती प्रस्तावनेची. "मामा, चहा घेणार?" असं विचारलं, की ते खुर्चीत सरसावून बसतात आणि म्हणतात, "सर्वसाधारण माणूस या वेळी चहा घेतो. पण सर्वसाधारण म्हणजे कोण, हे आधी पाहू." ते पाहून होईपर्यंत चहावर साय धरलेली असते.

तर या मामांनी एक अ‍ॅप केलं, आणि काय अ‍ॅप केलं म्हणून सांगू! पडद्यावर जमिनीचा प्रकार निवडा, लागण की खोडवा ते निवडा, महिना निवडा, तोडीच्या वयाचा स्लायडर बोटाने सरकवा, की आलेख डोळ्यांदेखत वर चढतो, खाली उतरतो. मी खराडीतल्या एका कंपनीत सर्व्हर सांभाळणारा माणूस, असली अ‍ॅप्स रोज बघतो. तरी पहिल्यांदा ते हलताना पाहून मी लहान मुलासारखा स्लायडर ओढत बसलो. आयुष्यभराची मापं त्यात जिवंत झाली होती! मामांचे अहवाल एकदा कपाटात गेले ते गेलेच. ज्या शेतकऱ्यांसाठी सगळं मोजलं त्यांच्यापर्यंत त्यातलं काही पोचलं नाही, हे त्यांच्या मनातलं शल्य. "जावईबापू," ते म्हणाले, "आता मी सांगायचं नाही. शेतकऱ्याने विचारायचं आणि आलेखाने उत्तर द्यायचं. एवढं झालं की मी सुटलो."

पण अ‍ॅप ठेवायचं कुठे? ऊस उत्पादकांच्या एका मंडळाची वेबसाइट मी हौसेने सांभाळतो. कुठल्या गावची तोड कधी, हे शेतकरी सकाळी उठून त्यावर बघतात. मंडळाकडे सर्व्हर एकच. सचिवांनी मान डोलावली खरी, पण बजावलं, "साइट बंद पडली की फोन मला येतात, तुमच्या मामांना नाही. मंडळाच्या मेळाव्यात दाखवा. तिथे गडबड झाली तर हे खेळणं कायमचं बंद."

मी हुरूपाने कामाला लागलो. आधीची साइट म्हणजे छापील पत्रक: उघडा, वाचा, मिटा. मामांचं अ‍ॅप म्हणजे गप्पा: स्लायडर हलला की प्रश्न सर्व्हरकडे, तिकडून उत्तर, पुन्हा प्रश्न. त्यासाठी दोघांमधली लाइन सारखी चालू लागते. म्हणून अ‍ॅपला आतली वेगळी खोली दिली, आणि पुढच्या दारावर बसलेल्या जुन्या वेबसर्व्हरला सांगितलं, की पत्त्यापुढे 'ऊस' लिहून कुणी आला तर त्याला आत मामांकडे पाठव, बाकीच्यांना नेहमीच्या जागी. पहिल्या फटक्यात चाललं! जुन्या साइटला धक्काही नाही. मी घरी, ऑफिसात, कंपनीच्या बसमध्ये, सगळीकडून उघडून पाहिलं. झकास!

आणि सचिवांना दाखवायला बसलो तर पान राखाडी. मामांनी स्लायडर ओढला, आलेख ढिम्म. पुन्हा उघडलं, पुन्हा राखाडी. मी पुढे होऊन हात लावला की चालायचं, मामांनी लावला की मरायचं! सचिव घड्याळाकडे बघत म्हणाले, "यंत्रालासुद्धा माणूस कळतो वाटतं." मामांचा चेहरा उतरला. परतताना गाडीत ते उसाबद्दल चकार शब्द बोलले नाहीत, तेव्हा मात्र मला खरंच भीती वाटली.

रविवारी दुपारी मी त्यांच्याकडे जाऊन बसलो आणि म्हटलं, "मामा, मेळाव्यात दाखवणार तसं सगळं दाखवा. मी मध्ये बोलणार नाही." मामांनी अ‍ॅप उघडलं. मग माउस बाजूला ठेवला आणि सुरुवात केली: ऊस हे गवत कसं, त्यात साखर का साठते, पहिल्या वर्षी पाऊस कसा होता. बोलणं रंगलं. माउस जागच्या जागी. अन् माझ्या डोळ्यांसमोर पान हळूच राखाडी झालं. मामी चहा घेऊन आल्या होत्या. पडद्याकडे बघून म्हणाल्या, "कंटाळलं असेल हो ते. मीपण एवढ्यात स्वयंपाकघरात निघून जाते."

मी खुर्चीतून उडालोच! अगदी हेच होतं. मिनिटभर लाइनवर कुणीच काही बोललं नाही, की दारावरचा सर्व्हर समजतो गप्पा संपल्या, आणि लाइन तोडून टाकतो. मी तपासताना पोरासारखा स्लायडर हलवत सुटायचो, त्यामुळे लाइन कधी तुटलीच नाही. मामांची प्रस्तावना सोसेल इतका धीर त्या बिचाऱ्याला कुणी दिलाच नव्हता. तिथल्या तिथे मी त्याला तासाभराचा धीर दिला. मामी म्हणाल्या, "एवढ्याने भागणार नाही."

मेळाव्याला मांडव भरलेला. मामा उठले, ऊस हे गवत आहे इथपासून निघाले. सचिवांची नजर पडद्यावर, माझी सचिवांवर. पान तसंच, लख्ख पांढरं! प्रस्तावना पहिल्या पावसाळ्यापर्यंत पोचली असेल-नसेल, तोच पुढच्या रांगेतले एक फेटेवाले आजोबा उठून टेबलाशी आले. "सायेब, माझं रान चुनखडीचं हाय. खोडवा ठिवू का मोडू, ते दाव." मामा बोलायचे थांबले आणि त्यांनी माउस आजोबांच्या हातात दिला. आजोबांनी स्लायडर सरकवला, आलेख हलला. उताऱ्याचा एक पट्टा उमटला, कमीत कमी इतका, जास्तीत जास्त इतका. आजोबांनी मागे-पुढे करून तो चार वेळा बघितला आणि मांडवाकडे वळून म्हणाले, "नक्की सांगत न्हाई. पर खोटंबी बोलत न्हाई." मग टेबलाभोवती ही झुंबड! सचिव स्वतः गर्दीत घुसून आपल्या रानाचं विचारत होते. मामा बाजूला उभे राहून चष्मा पुसत होते. पुसून झाला तरी पुसतच होते.

परतताना मांजरीत त्यांनी गाडी थांबवायला सांगितली. रस्त्याला लागून उंच इमारतींची नवी सोसायटी होती. "त्या दुसऱ्या इमारतीच्या जागी माझा शेवटचा प्लॉट," ते म्हणाले. "आलेखात वर जातो ना, तो ऊस इथला." ते उतरून फाटकापाशी गेले. उतारवयाच्या वॉचमनने विचारलं, "कुणाकडं जायचंय?"

"कुणाकडे नाही," मामा म्हणाले. "इथे ऊस होता तेव्हा यायचो."

वॉचमनने आपली खुर्ची पुढे सरकवली. "बसा की. कसला ऊस होता?"

मामा सरसावून बसले. मी गाडीचं इंजिन बंद केलं.