नव्या सायलेन्सरचा आवाज

२००५, दिवाळीनंतरचा रविवार. हजर: गाडीखाली धाकटा दीर, पाने हातात द्यायला मी आणि गेटजवळच्या खुर्चीत सासरे.

आमच्या टर्बो डिझेल गाडीला मोठ्या नळीचा सायलेन्सर बसवायची दिराची फार दिवसांची हौस होती. गंजलेल्या नटांना आदल्या दिवशीच रॉकेल सोडलं होतं, त्यामुळे जुना सायलेन्सर मुकाट्याने निघाला. नवा चढवून दीर गंगापूर रोडला चक्कर मारून आला आणि गेटसमोर थांबला. गेट उघडलं नाही.

नजर अधू झाल्यापासून सासऱ्यांनी घरातलं एकच काम स्वतःकडे ठेवलं होतं. गाडी वळणावर आली की ते आवाज ओळखून गेट उघडायचे. हॉर्न वाजवलेला त्यांना खपत नसे.

"दारात कुणाचा ट्रॅक्टर आलाय गं?"

"बाबा, आपलीच गाडी आहे."

दिराचा चेहरा उतरला. "वहिनी, जुनाच परत लावू या."

"थांब," बाबा म्हणाले. "मागे खडखडतंय काय?"

"एक क्लॅम्प सैल राहिलाय. आत्ता आवळतो."

"आधी पुन्हा वळणावरून ये बघू."

दीर गेला आणि परत आला. इंजिनाच्या घरघरीत ती खडखड ऐकू येताच बाबा उठले, चाचपडत कडी काढली आणि गेट सताड उघडलं.

"आता ओळखली," ते म्हणाले. "हात लावू नकोस त्याला."

मागचा क्लॅम्प आवळायचा अजून राहिलाय.